जुन्या बुलेटचा करंट मलूल? कॉइल बदलण्याआधी या चुका टाळा

वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) १२ व्होल्टची बुलेट चालू करायला घेतली, की प्लगवर पिवळसर, अशक्त ठिणगी दिसते आणि लोक थेट नवी कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारं वेटोळं, आणायला धावतात. कॉइल बहुतेकदा ठणठणीत असते. तिच्यापर्यंत पुरेसा करंटच पोचत नसतो.

मल्टीमीटर घ्या, स्विच ऑन करा आणि स्विचकडून कॉइलला येणाऱ्या वायरवर व्होल्टेज बघा. पण पॉइंट मिटलेले असताना. उघड्या पॉइंटवर करंट वाहतच नाही, म्हणून गंजलेला स्विचही तेव्हा बॅटरीइतकं व्होल्टेज दाखवतो आणि दोष लपून राहतो. मिटलेल्या पॉइंटवर बॅटरीपेक्षा व्होल्टभराहून जास्त घट दिसली, तर स्विच, फ्यूज आणि वायरचे जोड साफ करा. मोजून झाल्यावर स्विच लगेच बंद. तसाच राहिला तर चांगली कॉइलही जळते.

पॉइंट चकचकीत दिसले तरी विश्वास ठेवू नका. बंद गाडीत त्यांच्यावर पातळ थर चढतो. जाड पॉलिश पेपर मारला तर त्याचे कण रुतून बसतात. बारीक कानस अगदी हलक्या हाताने फिरवा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कोरा कागद मिटलेल्या पॉइंटमधून ओढा. त्यावर काळी रेघ उमटते. रेघ उमटायची थांबेपर्यंत ओढत राहा. नव्या पॉइंटवरही तेल असतं, तेही असंच पुसा. पॉइंटमधली गॅप कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) सर्वांत उंच जागी ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. उघडताना पॉइंटमध्येच मोठी ठिणगी उडत असेल तर ती दाबणारा कंडेन्सर बदला.

हौसेने पावडर कोटिंग केलेल्या गाड्यांचा त्रास वेगळाच. रंगाखाली अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परतायची धातूची वाट, गाडलं जातं. बॅटरीच्या अर्थपासून थेट इंजिनाच्या बोल्टपर्यंत जाड वायर टाका.

बाहेर काढलेल्या प्लगवर ठिणगी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. सिलिंडरमधल्या दाबाखाली ती उडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. प्लगच्या भोकावर फडकं कोंबा, टाकी आणि कार्ब्युरेटरपासून लांब राहा, प्लग कॅप फिरवून काढा, स्विच ऑन करा आणि इन्सुलेटेड पक्कडीने वायरचं टोक इंजिनाच्या हेडपासून ५-६ मिमीवर धरून किक मारा. निळी ठिणगी टक्कन उडायला हवी. इथे उडते आणि प्लगवर नाही, तर वायरचं हिरवं पडलेलं टोक छाटा आणि नवी कॅप बसवा.