लग्नातला फोटो बूथ: हिरवा पडदा लावण्याआधी

ऑर्डर घेताना तारीख आणि कार्यालय विचारून झालं की लगेच नवरीच्या साड्यांचे रंग विचारायचे. नवऱ्याच्या मित्राला विचारून उपयोग नाही, नवरीच्या बहिणीला किंवा वहिनीला फोन लावायचा. आपल्याकडच्या लग्नात हिरवा रंग टळत नाही. चुडा हिरवा, शालूही बऱ्याचदा हिरवा. बूथमध्ये माणसं हिरव्या पडद्यापुढे उभी राहतात आणि सॉफ्टवेअरला एवढंच सांगितलेलं असतं, की हिरवं दिसलं की काढ आणि तिथे मागचं चित्र लाव. मग नवरीने हौसेने हात गालाशी नेला की मनगटाच्या वरचा पट्टा गायब होतो आणि त्यातून गेटवेच्या मागचा समुद्र दिसतो.

म्हणून लग्नासाठी माझं मत सरळ आहे: पडदा निळा लावा. हिरव्याचं नाव उगाच झालेलं नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवा टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे कडा स्वच्छ सुटतात आणि कापडाला उजेडही कमी लागतो. निळ्यासाठी एखादा दिवा जादा न्यावा लागतो, तेवढा न्यायचा. हळदीला तर निळाच हवा. पिवळा त्याच्या अगदी विरुद्धचा रंग, त्यामुळे हळदीने माखलेले गाल कुठे कुरतडले जात नाहीत. पण नवरदेवाची शेरवानी नेव्ही ब्लू निघाली तर? एका बाजूने हिरवा, दुसऱ्या बाजूने निळा असा फोल्डिंग पडदा मिळतो, तोच घेऊन ठेवावा. मोरपंखी रंग दोन्हीकडे छळतो. धूपछाव पैठणीचं दुखणं वेगळंच: ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. समोरून लाल वाटणारी साडी चुणीत हिरवी चमकते आणि निऱ्यांना भोकं पडतात. अशा पाहुण्यांसाठी एक साधा छापील बॅकड्रॉप गाडीत असू द्या. तिथे तंत्र वगैरे काही नको.

जागा आदल्या दिवशी स्वतः बघून या. मॅनेजर हमखास जिन्याजवळचा कोपरा दाखवतो. माणसं पडद्यापासून निदान पाच-सहा फूट पुढे उभी राहायला हवीत, नाहीतर पडद्याचा रंग खांद्यांवर आणि केसांच्या कडांवर चढतो. त्यांच्यापुढे कॅमेऱ्याला सात-आठ फूट धरले की पंधराएक फूट खोली लागतेच. चार-पाच जणांच्या ग्रुपला पडदा दहा फूट रुंद असावा. डीजेचे रंगीत झोताचे दिवे (पार लाईट) कुठे फिरणार आहेत तेही विचारून घ्या, कारण पडद्यावर गुलाबी झोत आला की पुढचं सगळं व्यर्थ.

कापडाला सुरकुती नको. स्टीमर फिरवून चारी बाजूंनी क्लिपा लावून ताणायचं. दोन दिवे फक्त पडद्यासाठी, दोन माणसांसाठी, आणि एकाचा उजेड दुसऱ्यावर जाऊ द्यायचा नाही. कॅमेऱ्यावर सगळं मॅन्युअल, व्हाईट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून असलेली रंगांची सेटिंग) सुद्धा. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की स्वस्तातल्या एलईडीच्या लुकलुकण्याने फोटोत पट्टे येत नाहीत, कारण आपली वीज ५० हर्ट्झची.

मागची चित्रं सहा-सात पुरेत. जास्त ठेवली की आत्या आणि काकू स्क्रीनसमोर चर्चा करत बसतात आणि मागे रांग वाढते. ४×६ इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १२०० × १८०० पिक्सेल लागतात, त्याहून लहान चित्र घेऊ नका. नेटवरून कुणाचाही फोटो उचलायचा नाही. स्वतः काढलेला किंवा हक्क विकत घेतलेला वापरा. चित्रातलं क्षितिज साधारण कॅमेऱ्याच्या उंचीला यावं आणि ऊन ज्या बाजूने आहे त्याच बाजूने आपला मुख्य दिवा असावा. एवढं जुळलं की शनिवारवाड्यासमोरचं जोडपं खरंच तिथे गेल्यासारखं दिसतं. पायापर्यंतचा फोटो हवा असेल तर जमिनीवरही तेच कापड अंथरावं लागतं, त्यावर चपला फिरतात, धूळ बसते. मी तरी कमरेपर्यंतच काढतो.

पाहुणे येण्याआधी एक चाचणी घ्या, पण रिकाम्या खुर्चीची नको. मदतनीस मुलाला चष्मा लावा, हातात काचेच्या बांगड्या घाला, कपाळाला मुंडावळ्या बांधा. तो हसेल, हसू दे. चष्म्याच्या काचेत पडद्याचा रंग उतरतो का, मोत्यांच्या सरांमधून पडद्याची कड दिसते का, हे तेव्हाच कळतं.

प्रिंटरला यूपीएस हवाच. लाईट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत अर्धवट निघालेला कागद वाया जातो. रोल एक जादा ठेवा, कारण अक्षता पडल्या की पंगतीत जागा न मिळालेले सगळे तुमच्याकडे येतात. आणि सॉफ्टवेअरमध्ये पडद्यासकटचा मूळ फोटोही साठवला जातोय ना, ते पहिल्या दहा मिनिटांतच तपासा. एखादीचा चुडा गेलाच, तर मूळ फोटोवरून तो हाताने परत बसवून देता येतो.