वन बीएचकेसाठी राउटर घेताय? आधी घरातला डबा तपासा

व्हिडिओ कॉल अडकायला लागले की डोक्यात पहिला विचार येतो तो नवीन राउटरचा. छोट्या घरात बहुतेक वेळा तो खर्च लागतच नाही, आणि लागलाच तर चार अँटेनांच्या महागड्या राउटरची गरज नसते. म्हणून दुकानात जाण्याआधी घरीच अर्धा तास काढा.

फायबरचं कनेक्शन असेल तर कंपनीने बसवलेल्या डब्याला ओएनटी म्हणतात. लाइन जोडायला येणारा माणूस त्याला नुसतं ‘मोडेम’ म्हणतो. फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणं हे त्याचं काम. हा डबा ऑनलाइन स्वस्त दिसला तरी परस्पर विकत घेऊ नका. त्याचा सिरियल नंबर कंपनीच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो, त्यामुळे बाहेरून आणलेला चालेलच असं नाही. डिपॉझिट किती, ते परत मिळणार का, महिन्याचं भाडं आहे का, हे आधी विचारा आणि पावती जपून ठेवा. दर वर्ष-दोन वर्षांनी घर बदलणाऱ्या भाडेकरूंनी तर नक्कीच.

आता खरी तपासणी. लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. केबलवरही प्लॅनपेक्षा खूपच कमी स्पीड येत असेल तर आधी कंपनीकडे तक्रार नोंदवा; राउटर बदलून तो वाढणार नाही. केबलवर ठीक, पण डब्याशेजारी बसूनही वाय-फाय रडत असेल तर दोष वाय-फायचा. आणि डब्याजवळ छान, बेडरूममध्ये वाईट, असं असेल तर दोष बहुधा जागेचा.

जागेकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. माझ्या आधीच्या घरी डबा दारामागे, लोखंडी कपाटाच्या आडोशाला बसवला होता. लांब केबल टाकून तो हॉलमधल्या उंच फळीवर नेला आणि बेडरूममधली तक्रार संपली. धातू सिग्नल अडवतो, काँक्रीटची भिंत तो बराच कमी करते. फ्रिज, कपाट, आरसा यांच्यामागे डबा नको. घराच्या मध्यावर, खांद्याच्या वरच्या उंचीवर, मोकळा ठेवा.

एवढं करूनही राउटर घ्यावाच लागला, तर दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली, ड्युअल बँड, म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडवर चालणारा. इमारतीत प्रत्येक घरात वाय-फाय असतं आणि 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. तिथे गर्दी होणारच. 5 गिगाहर्ट्झला भिंती जास्त अडवतात, पण चॅनल भरपूर आणि वेगही जास्त, त्यामुळे छोट्या घराला तोच बरा.

दुसरी, गिगाबिट पोर्ट, म्हणजे केबल लावायची 1000 एमबीपीएसपर्यंतची जागा. इथेच लोक फसतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 1200 लिहिलेलं असतं. ती दोन्ही बँडच्या कागदोपत्री वेगाची बेरीज, साधारण 300 अधिक 867. पण मागचं वॅन पोर्ट, म्हणजे इंटरनेटची केबल आत येते ते, 10/100 चं असेल तर 200 एमबीपीएसच्या प्लॅनमधलेही 100 च्या आतच मिळतील. म्हणून खोक्याच्या बाजूचा बारीक मजकूर वाचा आणि 10/100/1000 दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमचा प्लॅन 100 च्या आतला असेल आणि वाढवायचा विचार नसेल तर मात्र साधं पोर्टही चालेल, तेवढे पैसे वाचवा.

वाय-फाय 6, म्हणजे वाय-फाय 5 नंतरची पिढी, घ्यायचं का? तुमचे फोन-लॅपटॉप त्याला चालणारे असतील आणि किमतीत थोडाच फरक असेल तर जरूर घ्या. नाहीतर गिगाबिट पोर्टचा वाय-फाय 5 राउटर वन बीएचकेला पुरतो. अँटेना मोजत बसू नका.

जोडणं सोपं आहे. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून कॅट 5ई किंवा त्यावरची केबल नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये घाला. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट’ मोड (यात राउटर फक्त वाय-फाय पुरवतो) निवडा आणि डब्याचं जुनं वाय-फाय बंद करा. वाय-फायच्या पासवर्डसाठी सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 ठेवा, आणि अॅडमिनचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला.

तुमच्याकडे वीज जात असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएसही घ्या. घेताना अॅडॅप्टरवर 9 व्होल्ट लिहिलंय की 12, ते आधी बघून जा. शिवाय ओएनटी आणि राउटर, दोन्हींना पुरेल असाच घ्या; नुसता राउटर चालू राहिला तर नेट येणार नाही.