कोकणची सागरी वाट बाइकवरून: आधी तिथी बघा, मग नकाशा

अलिबागहून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने बाइक न्यायची असेल, तर सर्व्हिसिंग, हेल्मेट, पंक्चर किट यांवर मी काही सांगत बसणार नाही. एवढं सांगावं लागत असेल त्याने एसटीने जावं.

महिना: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळचा आठवडा वगळून.

मार्ग ठरवताना फोनला थेट 'अलिबाग ते गुहागर' विचारू नका. तो इमानेइतबारे मुंबई-गोवा महामार्गावर नेऊन घालतो, कारण त्याला लवकर पोहोचायचं असतं. मधली गावं एकेक करून घाला: मुरुड, आगरदांडा, दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडला, वेश्वी, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. नकाशा नेटशिवाय चालेल असा उतरवून ठेवा, खाडीच्या उतारावर रेंज हमखास जाते.

दिवसाला दीडशे किलोमीटर पुरे. 'रोज तीनशे आरामात होतात' असं सांगणाऱ्याने समुद्र पाहिलेला नसतो. अरुंद रस्ता, चढउतार, वळणावर पसरलेली जांभ्याची बारीक खडी आणि मधोमध रवंथ करणारी गुरं यांत ताशी तीसची सरासरी पडली तरी खूप.

आता खरी गोम. हा प्रवास अडतो तो खाड्यांवर. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा चार ठिकाणी गाडी जंगल जेटीत, म्हणजे फेरीबोटीत, घालावी लागते. पाण्यावरचा वेळ थोडाच असतो. पण दाभोळला बोट चुकली किंवा बंद असली, तर पलीकडे दिसणारं धोपावे गाठायला चिपळूणकडून वळसा पडतो आणि अर्धा दिवस बुडतो. फेऱ्यांच्या वेळा बदलत असतात, म्हणून कुणाच्या जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी विचारा, त्यांना पाठ असतात.

वेळ कळली म्हणजे झालं असं नाही, पाणी कुठे आहे तेही बघायचं. ऐन ओहोटीला गाळामुळे बोट कधी ताटकळते आणि धक्क्याचा उघडा पडलेला उतार शेवाळाने बुळबुळीत होतो. कोळ्यांचा साधा हिशेब आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. जागेनुसार तासाभराचं इकडेतिकडे धरा. पौर्णिमा-अमावास्येला हा आकडा सव्वाअकरा येतो, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, शिवाय उधाणाची, म्हणून पाणी सर्वांत खोल उतरलेलं. आणि पौर्णिमेला चांदण्यात समुद्र बघायला निघालेली मंडळी दिवसभर किनाऱ्यावर रेंगाळून नेमकी त्याच वेळी धक्क्यावर येतात! त्या दोन दिवसांत खाडी दुपारच्या आत ओलांडा. माझ्या लेखी यात तडजोड नाही.

उतारावर मागच्याला आधी खाली उतरवा. पहिला गिअर, हलका मागचा ब्रेक, हँडल सरळ. हिरवट पट्ट्यावर पुढचा ब्रेक दाबलात, की चाक सरकतं आणि सामानासकट गाडी आडवी होते. बोटीचा लोखंडी फाळका आणि धक्का यांच्यात फट राहते. ती तिरकी नाही, काटकोनात ओलांडायची. खलाशी 'या, या' म्हणून घाई करतो. करू दे. समोरची गाडी पूर्ण आत गेल्याशिवाय निघू नका. आत गेल्यावर गिअरमध्ये ठेवा, साइड स्टँडवर, आणि गाडीजवळच थांबा.

जयगडनंतर सोपं आहे. गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. पुढे पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण. सगळीकडे पूल आहेत. आरे-वारेच्या चढावर फोटोसाठी वळणात गाडी लावू नका, एवढंच.

पेट्रोल तालुक्याच्या गावी टाकी भरून घ्या. सुटे पैसे खिशात ठेवा. अंधारात चालवू नका. मुक्कामाच्या घरी जेवायला मासे हवेत का, ते दुपारीच फोन करून सांगा. सातला पोहोचून सांगितलंत तर पिठलं-भात मिळेल, आणि तोही गुमान खायचा.