पल्सचा आकडा बघितला, लय बघितली का? एएफच्या तपासणीत या चुका टाळा

कोल्हापुरात तालीम-मंडळांची मोफत आरोग्य शिबिरं काही कमी नसतात. टेबलावर बीपीचं मशीन, शुगरच्या पट्ट्या, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. आजोबा हात पुढे करतात, कार्डावर 'पल्स ८४' लिहिलं जातं, पुढचा नंबर. त्या ८४ ठोक्यांमधलं अंतर सारखं होतं का, हे कुणी बघितलेलंच नसतं. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणारा आजार, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे डॉक्टर ज्याला एएफ म्हणतात ते, नेमकं इथंच निसटतं.

एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. तिथं रक्त साचून गुठळी होते, सुटते आणि मेंदूत जाऊन अडकते. पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. धडधड, दम असं काहीच न जाणवणारे पेशंट भरपूर आहेत. त्यांच्या घरात पहिली खबर येते तीच 'अंगावरून वारं गेलं' अशी.

नाडी बघतानाच्या चुका

रंकाळ्याला फेरी मारून आल्या आल्या नाडी बघू नका. पाच मिनिटं शांत बसा, मग मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवा. अंगठा वापरू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सवय इथं उपयोगाची नाही. पूर्ण एक मिनिट द्या आणि आकड्यापेक्षा ठेक्याकडे लक्ष ठेवा.

ठेका सरळ चाललाय आणि मधेच एखादा ठोका चुकला, तर तो बहुतेक वेळा वेळेआधी पडलेला, हाताला न लागलेला जादा ठोका असतो. डॉक्टरांच्या कानावर घाला, घाबरू नका. तालमीतल्या तरुण पैलवानाची नाडी श्वास घेताना वाढते, सोडताना मंदावते, तेही नॉर्मल. पण दोन ठोके जवळ, मग मोठं अंतर, मग तीन घाईत, कशाला कशाचा मेळ नाही, असं असेल तर ईसीजी काढायचाच. शिवाय एएफ वेगात असेल तर काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. आकडा बरा दिसतो आणि छातीवर स्टेथो ठेवला की खरा वेग कळतो.

मशीनवरचं चिन्ह

घरच्या काही बीपी मशीनवर ठोके अनियमित लागले की हृदयाचं चिन्ह लुकलुकतं. 'सेल उतरले असतील' म्हणून ते सोडून देऊ नका. ते चिन्ह म्हणजे निदान नव्हे, पण ईसीजी काढायला तेवढं कारण पुरेसं आहे. एएफमध्ये बीपीचे आकडेही दर वेळी वेगळे येतात, म्हणून तीनदा मोजा. स्मार्टवॉचचं तसंच: सूचना आली म्हणजे आजार ठरला असं नाही. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर ३० सेकंदांची पट्टी काढून डॉक्टरांना दाखवा.

'ईसीजी नॉर्मल आला, विषय संपला'

नेहमीचा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद असतो. एएफ येऊन-जाऊन असू शकतं. घरी नाडी वेडीवाकडी लागते आणि दवाखान्यात सगळं ठीक दिसतं, असं होत असेल तर तारीख, वेळ लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी नाडी बिघडलेली असतानाच ईसीजी गाठा. नाहीतर डॉक्टर होल्टर, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावतील, २४ तास किंवा जास्त.

याच्या उलट टोकाला, धडधाकट चाळिशीतल्या माणसानं महागडं पॅकेज घेऊन पंधरा दिवस छातीवर ईसीजीची पट्टी चिकटवून फिरणं मला पटत नाही. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या लोकांना घरी १४ दिवस ईसीजी घ्यायला लावून पाहिलं, फायदा झाला पण थोडासाच. डेन्मार्कमध्ये ७० च्या पुढच्या, बीपी-शुगरसारखी जोखीम असलेल्या लोकांच्या त्वचेखाली ठोके नोंदवणारं यंत्र बसवलं. एएफ तिपटीनं जास्त सापडलं, तरी पक्षाघात ठळकपणे कमी झाले नाहीत. दोन्ही निकाल २०२१ चे. तेव्हा ६५ च्या पुढच्या प्रत्येकाची दर भेटीत नाडी बघणं, हे बिनखर्चाचं काम आधी होऊ दे. लहानपणी सांध्यांच्या तापानंतर हृदयाची झडप बिघडलेली असेल, तर वयाची वाट बघू नका.

सापडल्यावर होणारा घोळ

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. 'रक्त पातळ व्हायला ॲस्पिरिन चालू आहे की' हे उत्तर एएफमध्ये चालत नाही. वय, बीपी, शुगर, हार्ट फेल्युअर, आधीचा पक्षाघात यांवरून डॉक्टर धोका मोजतात आणि गरज असेल तर गुठळीविरोधी गोळी देतात. ती पक्षाघाताचा धोका जवळपास दोन-तृतीयांशानं कमी करते. ठोके सरळ झाले, बरं वाटलं, म्हणून ती परस्पर बंद करायची नाही. दात काढायचा असला तरी आधी विचारायचं.

हृदयाची माइट्रल झडप बरीच अरुंद असलेल्यांना वॉरफरिन किंवा एसिनोकुमॅरॉल या जुन्या गुठळीविरोधी गोळ्याच लागतात, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा) सहसा २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. त्यांनी पालेभाजी सोडायची नाही. आठवडाभर शून्य आणि मग एकदम रोज मेथी-पोकळा, हे मात्र टाळायचं, त्यानं या गोळ्यांचा असर कमी-जास्त होतो. नवरात्राचे नऊ दिवस गोळी बंद ठेवणारेही भेटतात. रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांचा असर दिवसभरात उतरतो, म्हणजे तेवढे दिवस संरक्षण नाही. शिवाय रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटी घ्यायची असते, त्यामुळे उपवासाआधी डॉक्टरांशी बोला. या गोळ्या चालू असताना गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाल्लं तर रक्तस्राव होऊ शकतो.

तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, तर तेल चोळत बसू नका. १०८ लावा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. सोबत गोळ्यांची पट्टी न्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा. इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्यावरही ठरतं.