बेल्ट होता, पण हूक कुठे होता? उंचावरच्या कामात या चुका टाळा

बांधकामावर कुणी पडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बेल्ट घातला होता का?" बेल्टच्या दोरीचा हूक कशात अडकवला होता, हे फारसं कुणी विचारत नाही. खरी गोम तिथेच असते.

हूक पायाजवळच्या पाइपला लावला, तर दोरी ताणेपर्यंत माणूस तीन मीटरहून जास्त खाली येतो. हार्नेसची, म्हणजे खांद्यांवरून आणि मांड्यांतून पट्टे जाणाऱ्या पूर्ण बेल्टची, पाठीवरची कडी पायापासून दीड मीटर वर आणि दोरी 1.8 मीटरची, म्हणून. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे दोरीवरची उलगडत जाऊन झटका कमी करणारी घडी, प्रत्येक वेळी एवढ्या झटक्यासाठी बनवलेला असतोच असं नाही. हूक डोक्याच्या वर हवा, तोही इमारतीच्या पक्क्या भागाला. सेंट्रिंगचा (स्लॅबच्या साच्याचा) टेकू किंवा परांचीचा सुटा पाइप चालत नाही.

खालच्या जागेचा हिशेब तर राहूनच जातो. दोरी 1.8 मीटर, अ‍ॅब्सॉर्बर उलगडतो तो साधारण एक, कडीपासून पायापर्यंत दीड, वर एक मीटर राखीव. म्हणजे हूकच्या खाली साडेपाच मीटरच्या आसपास मोकळी जागा हवी. पहिल्या स्लॅबवर ती बहुतेकदा नसते, आणि हार्नेस घालूनही माणूस जमिनीवर आपटतो. तिथे मजबूत कठडाच हवा. नुसता कमरेचा पट्टा कुठेच नको. झटका पोटावर आणि मणक्यावर बसतो.

डक्टच्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीच्या, तोंडावर नुसता टाकलेला प्लाय हा तर सापळाच. कुणीतरी तो कामासाठी उचलतो, प्लाय समोर धरल्याने पायाखालचं दिसत नाही, आणि पुढचं पाऊल थेट खड्ड्यात. प्लाय ठोकून बसवा, वर ठळक अक्षरांत 'खाली खड्डा' लिहा.

शिडी चार मीटर उंच टेकवली तर तिचे पाय भिंतीपासून एक मीटर लांब. वरचं टोक चढायच्या जागेच्या मीटरभर वर, आणि बांधलेलं.

पडलेल्याला बखोटीला धरून उभं करू नका, पाणीही पाजू नका. मान आहे तशी स्थिर धरा, रुग्णवाहिका बोलवा. हार्नेसवर लटकलेल्याला मात्र लगेच उतरवायला हवं: पट्टे मांड्यांत रुततात, रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांतच शुद्ध जाऊ शकते. कसं उतरवायचं, हे काम सुरू होण्याआधीच ठरलेलं असावं.

झटका बसलेला हार्नेस दिसायला धडधाकट असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी कुणीतरी तोच घालतो. त्याचे पट्टे कापूनच टाका.