शेळीच्या तोंडाच्या वर

चाऱ्यासाठी झाडाचा शेंडा कापायचा तर आधी शेळीकडे बघा. मागच्या पायांवर उभी राहून, मान ताणून ती जिथवर पोचते, त्याच्या हातभर वर कापायचं. मी अडीच मीटर धरतो. पहिल्या वर्षी शिडीचा कंटाळा केला आणि छातीएवढ्या उंचीवर कापलं. एकूण एक धुमारा शेळ्यांनी खुडला, झाड वाळलं.

शेंडा पहिल्यांदा उतरवायचा तो खोड मनगटाहून थोडं जाड असताना, झाड सुप्तावस्थेत, म्हणजे त्याची वाढ थांबलेली असताना. जाड फांदीला आधी खालून करवतीची खाच द्या, मग वरून कापा. खाच विसरलात तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलत नेते.

पुढे दर वेळी तिथंच कापत गेलं की मुठीसारखी गाठ तयार होते. सगळी गंमत या गाठीत आहे. नवे फुटवे तिच्यातूनच येतात, म्हणून काप नेहमी गाठीच्या जरा वर, दोन बोटं खुंट ठेवून. गाठीखाली कापलंत तर जुनं लाकूड उघडं पडतं आणि कुजायला लागतं. पानं असलेल्या एक-दोन फांद्याही मी ठेवतो. झाडाला जेवायला काहीतरी हवं ना!

चाऱ्याची छाटणी पानं पूर्ण भरल्यावर, पण निबर होण्याआधी. तुती दर वर्षी छाटली तरी चालते. विलो, अ‍ॅश या थंड प्रदेशातल्या झाडांना तीन ते पाच वर्षं द्या. झाडांचे गट पाडून आलटून पालटून छाटा, म्हणजे चारा दर वर्षी मिळतो. वर्षानुवर्षं विसरलेलं झाड मात्र एका दमात बोडकं करू नका. खुंट लांब ठेवत, दोन-तीन टप्प्यांत उतरवा. तसंच सोडलं तर फांद्यांच्या भारानं खोड उभं चिरतं.

साठवायच्या डहाळ्यांच्या सैल पेंढ्या बांधून सावलीत, वाऱ्यावर टांगा. पान हिरवंच राहून हातात कुरकुरलं पाहिजे. उन्हात पिवळं पडून गळतं. चेरी आणि पीचचा पाला यात अजिबात नको, कोमेजल्यावर त्यात सायनाइड सुटतं. सुबाभूळही एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आतच.

शेळ्या आधी पाला फस्त करतात, मग साल सोलतात. सकाळी गव्हाणीत गुळगुळीत पांढऱ्या काठ्या उरतात, त्या सरपणाला.