फॉस्फरसची शिकवण मशीनशेजारीच द्या

मी डायलिसिस युनिटमध्ये आहारतज्ज्ञ आहे. रक्तातला फॉस्फरस ५.५ mg/dLच्या वर गेला की पेशंटला माझ्याकडे पाठवतात. पण माझ्यासमोर तो जेमतेम दहा मिनिटं बसतो, सिस्टर आणि टेक्निशियनजवळ मात्र एका वेळी चार तास असतो. म्हणून शिकवायचं काम त्यांनीही करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

महिन्याचे रिपोर्ट आले की डॉक्टरांसह सगळ्यांनी बसून एका पेशंटसाठी एकच मुद्दा ठरवा. एकानं "डाळ बंद" आणि दुसऱ्यानं "वरण खा" म्हटलं, की तो कोणाचंच ऐकत नाही.

सिस्टरनी "गोळ्या घेता का?" असं विचारू नये, उत्तर "हो"च येतं. "काका, काल दुपारची गोळी नेमकी कधी घेतली?" असं विचारा. सेव्हेलॅमर किंवा कॅल्शियम ॲसिटेट ही फॉस्फरसची गोळी आतड्यात अन्नातला फॉस्फरस धरून ठेवते. जेवणानंतर दोन तासांनी घेतली तर तिचा फारसा उपयोग नाही. जेवण चुकलं तर तेव्हाची गोळीही नको. कामावर जाणाऱ्यांनी गोळ्या डब्याच्या पिशवीतच ठेवाव्यात.

"आज मशीनवरून अर्धा तास आधी काढा ना" ही विनवणी टेक्निशियनला रोजची. तेव्हाच त्यानं सांगावं, की फॉस्फरस पेशींमधून रक्तात हळूहळू येतो, त्यामुळे तो काढायला पूर्ण वेळ लागतोच.

जेवणाचं बोलणं स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी करा. बाहेर बाकावर बसलेल्या वहिनींना आत बोलवा. डाळी सरसकट तोडू नका. डायलिसिसवर वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि डाळीतला फॉस्फरस शरीरात पूर्ण शोषला जात नाही. पोटॅशियम वाढलेलं असेल तर डाळीचं प्रमाण मात्र वेगळं ठरवा. अंड्याचा पांढरा भाग उत्तम. भाजीतलं दाण्याचं कूट, सुकट, दिवसभराचे दुधाचे चहा यांवर हात आखडायला सांगा.

सगळ्यात घातक पाकीटबंद पदार्थांत वरून घातलेला फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचंच एक रूप, कारण तो जवळजवळ सगळाच शोषला जातो. घरातली रिकामी पाकिटं मागवा आणि घटकांच्या यादीत ३३८ ते ३४१, ४५० ते ४५२ हे फॉस्फेटचे सांकेतिक आकडे पेशंटलाच शोधू द्या. काही कोला, प्रोसेस्ड चीज, इन्स्टंट नूडल्स यांत ते बऱ्याचदा सापडतात.

शेवटी "घरी जाऊन काय बदलणार?" हे त्याच्याच तोंडून ऐका आणि त्याच्याच शब्दांत डायलिसिस शीटवर लिहा. पुढच्या खेपेला ड्युटीवर कोणीही असो, विचारपूस तिथूनच सुरू करायची.